फाईल सेव्ह केली की झालं का?

"फाईलमधून नाव काढलंय, टेन्शन घेऊ नका." आमचं नेटवर्क सांभाळणारे एजन्सीवाले एवढा मेसेज टाकून मोकळे! अरे, नाव काढलंत, पण नियम लागू कुणी करायचा?

लातूरच्या मार्केट यार्डातली आमची आडत, उदगीरचं दुकान आणि गोदाम, तिन्हीकडची कॉम्प्युटर आमच्याच सर्व्हरवरच्या हेडस्केलने (वेगवेगळ्या ठिकाणची मशीन एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) जोडलेली आहेत. कुणी कुठल्या मशीनच्या कुठल्या पोर्टपर्यंत, म्हणजे कुठल्या सेवेच्या दारापर्यंत पोचायचं, ते एका पॉलिसी फाईलमध्ये लिहिलेलं असतं. जुना मुनीम काम सोडून यार्डातल्याच दुसऱ्या आडतीवर गेला. त्याच दिवशी एजन्सीला सांगितलं, याचा ॲक्सेस तोडा. नंतर सहज बघितलं तर त्याचा लॅपटॉप ऑनलाइन, आणि टॅलीच्या मशीनवर त्याच्याच, याच नेटवर्कमधल्या 100.64 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून कनेक्शन चालू! शेतकऱ्यांच्या पट्ट्या, कुणाची किती उचल, कुणाची तूर अजून गोदामात पडून आहे, सगळं त्याच्यासमोर उघडं. वर एजन्सीवाला म्हणतो, "तो कशाला बघतोय साहेब!" डोकंच फिरलं.

फाईल मोडमध्ये, म्हणजे नियम फाईलमधून घेत असेल तर, चालू हेडस्केल मेमरीतले जुने नियमच पाळत राहतं. सर्व्हरवर सिस्टिमसीटीएल रीलोडची कमांड द्या, नाहीतर हेडस्केलला सिगहप हा "परत वाच" सांगणारा सिग्नल पाठवा, तेव्हा कुठे ते फाईल परत वाचतं. डेटाबेस मोड असेल, म्हणजे नियम डेटाबेसमध्ये ठेवलेले असतील, तर नुसती फाईल बदलून उपयोगच नाही, पॉलिसी सेटची कमांड चालवावी लागते. हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. दर महिन्याला पैसे घेणाऱ्याने ते वाचू नये?

बरं, रीलोड दिला म्हणजे सुटलो असंही नाही. फाईलमध्ये एक कंस सुटला की एरर गुपचूप लॉगमध्ये जाते आणि जुने नियम तसेच चालू. जर्नल, म्हणजे तो लॉग, उघडून बघायला असा किती वेळ लागतो? त्यात यांची सवय म्हणजे काही अडलं की थेट रीस्टार्ट. तुटक्या फाईलवर सर्व्हर उठतच नाही. ऐन सौद्याच्या वेळी उदगीरचा फोन येतो, मग घाईघाईत स्टार कोलन स्टार टाकून सगळ्यांना सगळं मोकळं. ते "तात्पुरतं" पुढे कुणी काढत नाही.

आणि माणूस सोडून गेला तर त्याचं डिव्हाइसच नोंदीतून उडवायचं ना! नुसती पॉलिसीतली ओळ खोडून काय होणार?

इथून पुढे "झालं साहेब" चालणार नाही. रीलोडनंतरचा लॉग दाखवा, बंद केलेल्या पोर्टवर माझ्यासमोर कनेक्शन लावून दाखवा, ते अडलं पाहिजे. तोवर या महिन्याचं बिल निघणार नाही.