‘बंदी आहे, मग हरकती-सूचना कशाला?’ या मेसेजला उत्तर

चेंबूर-गोवंडीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन) वगैरे वर्षानुवर्षं न विरणाऱ्या विषांवर केव्हाच बंदी आलीय, उरलेलं काम शास्त्रज्ञांचं, ही विषं संपवण्याच्या राष्ट्रीय आराखड्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवणं हा देखावा. हे वाचून लोक गप्प बसले तर नुकसान आपलंच आहे.

‘बंदी केव्हाच आलीय.’ शेतीत डीडीटी 1989पासून बंद आहे, पण डासांच्या बंदोबस्तासाठी मुभा राहिली, आणि ते बनत आलं आपल्या शेजारी, रायगडमधल्या रसायनीत. पीसीबीचं तेल असलेली जुनी उपकरणं वापरायला 2016च्या आदेशाने 31 डिसेंबर 2025पर्यंत मुदत दिली होती. मुदत संपली म्हणून तेल नाहीसं होत नाही. असा ट्रान्सफॉर्मर भंगारात कुठे फोडला जातो, हे विचारायलाच हवं.

आणि डायॉक्सिन, फ्युरान ही तशीच न विरणारी विषं? ती कुणी मुद्दाम बनवतच नाही. पीव्हीसीसारखा क्लोरीन असलेला कचरा नीट न जळता धुमसला की ती तयार होतात. तांब्यासाठी वायरी जाळताना होतात. जानेवारी 2016मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं, तशा आगींत होतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान 1050 अंशांच्या आसपास राखायचं, ते यासाठीच. शरीरात शिरलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायला 7 ते 11 वर्षं लागतात. ते मुख्यतः दूध, मांस, मासे यांतून येतं आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत जातं. नुसत्या बंदीने हे थांबणार कसं?

‘हे शास्त्रज्ञांचं काम.’ देशभरातलं डायॉक्सिन बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजलं जात नाही. किती टन काय जळलं, त्याला ठरावीक गुणकाने गुणून अंदाज काढतात. गुणक शास्त्रज्ञ देतील. पण तुमच्या नाल्याकाठी रात्री काय जळतं, हे कागदावर आलंच नाही तर त्या जागेचा आकडा शून्य धरला जातो. ही माहिती कचरावेचकांकडे आहे, खिडक्या लावून घेणाऱ्या बायकांकडे आहे, दिल्लीत नाही.

‘देखावा आहे.’ या विषांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारावर भारताने 2006मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या सातव्या कलमात महिलांच्या गटांशी आणि मुलांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या गटांशी सल्लामसलत करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपला पहिला आराखडा 2011चा. त्यानंतर करारात नवी रसायनं येत गेली, म्हणजे आराखडाही बदलायला हवा. सल्लामसलत अनेकदा उरकली जाते, हे मान्य. त्यावर भांडताही येतं: 2020मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (म्हणजे मराठीसह) भाषांत द्या, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता.

म्हणून सूचना पाठवताना जागा, वेळ, काय जळतं, किती वेळा, हे लिहा, फोटो जोडा. आणि मसुदा मराठीत नसेल तर पहिली हरकत त्यावरच घ्या.