पॉटरला शिक्षा होत नाही

डिसेंबर लागला की हॉलिवूडचा जुना दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा याच्याबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: कॅप्रा म्हणजे साखरेचा पाक. त्याची माणसं भाबडी, त्याचे सिनेमे म्हणजे अमेरिकेची जाहिरात. त्यातलं जे काही बरं आहे ते पटकथाकार रॉबर्ट रिस्किनचं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा त्याचा नाताळचा सिनेमा गाजला तो कॉपीराइट सुटला आणि टीव्हीवाल्यांना फुकट मिळाला म्हणून. आज हे सिनेमे संथ वाटतात. आणि शेवट तर सगळेच गोड.

आरोप जुनाच आहे. अमेरिकेत या गोडव्याला 'कॅप्राकॉर्न' असं नावसुद्धा पडलंय. पण मी गेली वीस-बावीस वर्षं हे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहत आलेय आणि मला ते असे दिसत नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी भाबडेपणा. 'वंडरफुल लाइफ'चा नायक जॉर्ज बेली. बेडफर्ड फॉल्स नावाचं लहान गाव सोडून जग बघायचं, पूल बांधायचे, एवढंच त्याच्या मनात. वडील जातात आणि त्यांची बिल्डिंग अँड लोन संस्था, आपल्या पतपेढीच्या जातीची, त्याच्या गळ्यात पडते. तो गावातच राहतो. पुढे एका नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा काका संस्थेचे आठ हजार डॉलर भरायला बँकेत जातो आणि वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून, नकळत, पॉटरच्याच हातात देतो. पॉटर हा गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस, चाकाच्या खुर्चीत बसणारा, आणि संस्थेचा वैरी. हिशेब तपासनीस नेमका त्याच दिवशी आलेला. जॉर्ज काकाची गचांडी धरून ओरडतो की आपल्यापैकी एक जण तुरुंगात जाणार, आणि तो मी नसेन.

मग तो घरी येतो. हा प्रसंग नीट बघा. मुलगी पियानोवर नाताळचं एकच गाणं घोटतेय. मुलगा शब्दांची स्पेलिंगं विचारतोय. जॉर्ज सगळ्यात धाकट्याला कवटाळून रडतो, आणि ते पोर बापाच्या केसांवर सजावटीच्या चमचमत्या झिरमिळ्या टाकत बसतं, त्याला काही कळत नाही. मग जॉर्ज बिथरतो. आजारी मुलीच्या शिक्षिकेला फोनवर वाट्टेल ते बोलतो. आपल्याला एवढी पोरं तरी कशाला, असं बायकोला पोरांदेखत विचारतो. खोलीच्या कोपऱ्यात त्याने कधीकाळी केलेली पुलाची, इमारतींची छोटी मॉडेलं मांडलेली आहेत. ती तो लाथेने उडवतो. सगळं घर त्याच्याकडे बघत उभं. तो माफी मागतो, मुलीला म्हणतो वाजव, आणि ती हलत नाही म्हटल्यावर पुन्हा तिच्यावर ओरडतो. मुलगी रडायला लागते. ज्या बापाचं आयुष्य गेलं आणि ज्याने ते हसत हसत जाऊ दिलं, त्याच्या आत काय साठलेलं असतं, हे मला हॉलिवूडच्या त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकं उघडं दिसलेलं नाही.

जॉर्जचं काम करणारा जेम्स स्टुअर्ट नुकताच दुसऱ्या महायुद्धातून परतला होता. बॉम्बर विमानं घेऊन त्याने वीस मोहिमा केल्या होत्या आणि युद्धानंतरचा हा त्याचा पहिला सिनेमा. दारूच्या गुत्त्यात जॉर्ज देवाला हाक मारतो त्या प्रसंगात स्टुअर्टला खरंच रडू फुटलं. कॅमेरा लांब होता आणि ते रडू पुन्हा येणारं नव्हतं. स्टुअर्टने पुढे सांगितलंय की कॅप्राने प्रयोगशाळेत बसून त्या शॉटची चौकट मोठी करून घेतली आणि लांबच्या शॉटमधून क्लोजअप काढला. चेहरा जवळ यावा म्हणून एवढी खटपट करणारा दिग्दर्शक माणसांना भाबडं समजत नव्हता.

काही गोष्टी मात्र मलाही खुपतात. जॉर्ज जन्मलाच नसता तर काय झालं असतं, हे सिनेमा पुढे दाखवतो. त्यात बायकोचं काय होतं, तर ती चष्मा लावून ग्रंथपाल झालेली असते, आणि सिनेमाला हे मोठं संकट वाटतं. बेली कुटुंबाची काळी मोलकरीण अॅनी हिला गमतीपुरतीच जागा आहे. या आरोपांना माझ्याकडे उत्तर नाही आणि ते द्यायचा माझा प्रयत्नही नाही. पण फिरणाऱ्या मजकुरात हे येतच नाही.

आता जाहिरात. कॅप्रा १८९७ साली सिसिलीत जन्मला, सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून अमेरिकेला आला आणि लॉस एंजलिसमध्ये वर्तमानपत्रं विकत शिकला. देशाबद्दल त्याला प्रेम होतं आणि ते त्याने लपवलं नाही. युद्धात त्याने सरकारसाठी 'व्हाय वी फाइट' ही सात माहितीपटांची मालिका केली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला तेव्हा तो अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून इथे आला होता. एवढं सगळं मान्य.

पण मग ज्यांची जाहिरात व्हायला हवी होती ते का भडकले? कॅप्राच्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'चा पहिला खेळ १७ ऑक्टोबर १९३९ रोजी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये झाला. सिनेटर आणि पत्रकारांना खास बोलावलं होतं. दोघेही संतापले. सिनेटमधल्या बहुमताचे नेते आल्बेन बार्कले यांनी सिनेमावर जाहीर टीका केली. ब्रिटनमधले अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी यांनी सिनेमा काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या हॅरी कोनला कळवलं की हा सिनेमा युरोपात दाखवू नका, देशाची अब्रू जाईल. 'वंडरफुल लाइफ'बद्दल तर १९४७ साली एफबीआयच्या कागदांत नोंद झाली की पॉटरच्या रूपाने बँकवाल्यांची बदनामी केलीय आणि ही कम्युनिस्टांची युक्ती दिसते.

आणि स्मिथच्या गोष्टीत आहे तरी काय? पोरांच्या पथकाचा एक साधा नेता सिनेटर नेमला जातो, कारण तो काही बोलणार नाही अशी खात्री असते. धरणाच्या नावाखाली जमिनीत पैसा केलेला त्याला कळतो. तो सिनेटमध्ये उभा राहून जवळजवळ चोवीस तास बोलतो, म्हणजे बातमी घरी, त्याच्या राज्यात पोचेल. ती पोचत नाही. राज्यातली वर्तमानपत्रं टेलर नावाच्या एका माणसाच्या मुठीत आहेत. पोरं स्वतःचं छोटं छापील पत्र काढून गल्लीबोळात वाटतात, तर टेलरची माणसं ते हिसकावतात आणि पोरांच्या गाडीला ट्रकने धडक देतात. शेवटी सिनेटमध्ये टोपल्या भरभरून तारा आणि पत्रं येतात, आणि ती सगळी स्मिथच्याच विरोधात. घसा बसलेला, दाढी वाढलेली, अशा अवस्थेत तो त्या कागदांच्या मुठी भरून वाचतो. जनमत विकत घेता येतं, रात्रीत तयार करता येतं, हे १९३९ साली एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा सिनेमा जाहिरात कसा होईल? दोन वर्षांनी आलेल्या 'मीट जॉन डो'मध्ये तर भर पावसात छत्र्या घेऊन जमलेले हजारो लोक, ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्यावरच उलटतात, कारण वर्तमानपत्राच्या मालकाच्या माणसांनी मायक्रोफोनची वायर तोडलेली असते आणि त्याचा खुलासा कुणाला ऐकूच जात नाही.

रिस्किनचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मोठ्याने सांगायला हवा. 'इट हॅपन्ड वन नाइट', 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन', 'मीट जॉन डो' या पटकथा रिस्किनच्या. पडद्यावर सिनेमाच्या नावाच्याही वर स्वतःचं नाव यावं याचा कॅप्राला फार अभिमान, त्याच्या आत्मचरित्राचं नावही तेच, आणि त्या अभिमानात रिस्किनचं श्रेय झाकलं गेलं. हा अन्यायच होता. रिस्किनने कोरे कागद कॅप्राच्या टेबलावर टाकून 'यावर दाखव तुझी करामत' असं म्हटल्याची कथा म्हणूनच एवढी टिकली असावी, मग ती घडलेली असो वा नसो. पण 'मिस्टर स्मिथ' सिडनी बकमनने लिहिला. 'वंडरफुल लाइफ' फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या जोडप्याने आणि स्वतः कॅप्राने. वर ज्या प्रसंगांवर मी एवढं लिहिलं ते बहुतेक या दोन सिनेमांतले, आणि त्या दोन्हींत रिस्किन नाही.

शिवाय कागदावर नसलेलं काही असतंच. 'वंडरफुल लाइफ'मध्ये जॉर्ज आणि त्याची पुढे होणारी बायको मेरी एकाच टेलिफोनच्या रिसीव्हरला कान लावून उभे असतात तो प्रसंग घ्या. पलीकडून मित्र धंद्याच्या गोष्टी सांगतोय, प्लास्टिकचा कारखाना काढतोय, जॉर्जलाही त्यात ओढतोय. पडद्यावर फक्त दोन चेहरे, एकमेकांच्या इतके जवळ की श्वास ऐकू यावा. जॉर्जची नजर तिच्या केसांवरून फिरते. त्याला कळलंय की आता आपण या गावातून कधीच सुटणार नाही. तो तिचे दंड धरून तिला गदगदा हलवतो, ओरडतो की मला लग्न करायचं नाही, कुणाशीच नाही, कधीच नाही, आणि तसाच तिला मिठी मारून रडतो. प्रेमाचा प्रसंग आहे हा. यातले शब्द लेखकांचे. पण कॅमेरा जवळ नेऊन तो तिथेच धरून ठेवायचा निर्णय दिग्दर्शकाचा.

कॉपीराइटबद्दल फार लिहायची गरज नाही. तो १९७४ साली नूतनीकरण राहून गेल्यामुळे सुटला, हे खरं, आणि त्यामुळेच टीव्ही केंद्रांनी सिनेमा नाताळात सर्रास लावला, हेही खरं. २० डिसेंबर १९४६ ला आला तेव्हा त्याने तोटा केला होता, हेही खरं. पण तेव्हाही त्याला ऑस्करची पाच नामांकनं होती, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं धरून. आणि 'मीट जॉन डो'चाही कॉपीराइट असाच सुटला होता. दिग्दर्शक तोच, तोही नाताळच्या आदल्या रात्री संपणारा, तोही फुकट. तो काही घरोघरी दर वर्षी लागत नाही. फुकट मिळालेली गोष्ट माणूस एकदा बघतो. तीच तीस-चाळीस वर्षं दर वर्षी बघत असेल तर तिच्यात काहीतरी असणार.

संथपणाचा आरोप तर मला समजतच नाही. १९३२ च्या 'अमेरिकन मॅडनेस'मध्ये कॅप्राने पात्रांचं दारातून चालत येणं-जाणं छाटलं, संवाद एकमेकांवर चढवले आणि नटांना नेहमीपेक्षा भरभर बोलायला लावलं. बँकेत चोरी झाल्याची बातमी फोनवरून पसरते आणि प्रत्येक फोनगणिक चोरीची रक्कम फुगत जाते, तो भाग आजच्या कुठल्याही अफवेइतका वेगवान आहे. 'इट हॅपन्ड वन नाइट'चा तर आपल्याकडे १९५६ साली राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' झाला आणि तो आपल्या आईवडिलांनी आवडीने पाहिला.

राहिला गोड शेवट. स्मिथ जिंकतो हे त्याला स्वतःला पडद्यावर कधी कळतच नाही. तो बेशुद्ध पडलेला असतो, त्याला उचलून बाहेर नेतात, आणि मग एका भ्रष्ट सिनेटरचं मन त्याला खातं म्हणून सत्य बाहेर येतं. लोक जागे झाले म्हणून नाही. 'जॉन डो'चा शेवट तर कॅप्राला सापडेना. त्याने पाच वेगवेगळे शेवट चित्रित केले. राहिला 'वंडरफुल लाइफ'.

तो मी काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीला दाखवला. आमच्या तालुक्यातली एक पतपेढी बुडाली तेव्हा तिचे पैसे अडकले होते. ठेवीदारांच्या रांगेत ती तीन दिवस उभी होती, पिशवीत पासबुक घेऊन. इंग्रजी तिला येत नाही, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. सिनेमात बँकेवर लोकांची झुंबड उडते आणि जॉर्ज लोकांना सांगतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात आहेत, पलीकडच्या बाईच्या घरात आहेत. तेव्हा मावशी पुढे सरकून बसली. जॉर्ज मधुचंद्रासाठी ठेवलेले स्वतःचे दोन हजार डॉलर काउंटरवर आणून वाटायला लागतो. पहिला माणूस हट्टाने सगळे दोनशे बेचाळीस मागतो. मग हळूहळू आकडे उतरतात. वीस. पुढे मिसेस डेव्हिस नावाची एक वाळकी बाई येते आणि दबक्या आवाजात विचारते, साडेसतरा मिळतील का? जॉर्ज काउंटरवरून वाकून तिचा मुका घेतो. मावशी म्हणाली, "हे परत लाव गं." मी लावलं. तिने तो तुकडा तीनदा पाहिला.

मग शेवट आला. सगळं गाव पैसे घेऊन जॉर्जच्या घरात लोटलं, टेबलावर नोटांचा ढीग झाला, गाणं सुरू झालं. मावशीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "आणि तो चाकाच्या खुर्चीतला? आठ हजार त्याच्याकडेच ना?"

म्हटलं, "हो."

"पकडतात की नाही त्याला?"

"नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्यावाल्यालाही नाही."