'नर्सिंग इंग्रजीतून झालंय, मग परीक्षा कशाला?' : फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने नर्सिंगच्या ग्रुपांवर इंग्रजीच्या परीक्षांबद्दल, म्हणजे आयईएलटीएस आणि खास आरोग्य क्षेत्रातल्यांसाठी असलेल्या ओईटीबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: "यूकेला जायला आता आयईएलटीएस किंवा ओईटी लागत नाही. कोर्स इंग्रजीतून झाला असेल तर कॉलेजचं पत्र पुरे. या परीक्षा म्हणजे पैसे उकळायचा धंदा. गोऱ्यांसारखे उच्चार नसले की नापास करतात, म्हणून मराठी मुली अडकतात. गोऱ्या नर्सेसना मात्र परीक्षा नाही. पेपर न देता सर्टिफिकेट हवं असेल तर खालच्या नंबरवर फोन करा."

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, ओईटी दुसऱ्या प्रयत्नात सुटली. आता इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात काम करते. परवा माझ्या मावसबहिणीने हाच मेसेज पाठवून विचारलं, "ताई, क्लास बंद करू का?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण ती एकटीच असं विचारत नसणार.

आधी कॉलेजचं पत्र. ही अफवा हवेतून आलेली नाही. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने, म्हणजे एनएमसीने, 8 फेब्रुवारी 2023 पासून इंग्रजीचे नियम थोडे सैल केले. त्यात इंग्रजीतून शिकलेल्यांसाठी एक वाट आहे खरी, पण ती भारतातल्या कॉलेजमधून सुरू होत नाही. तुम्ही आधीपासून ब्रिटनमध्ये, एखाद्या आरोग्य किंवा केअर संस्थेत, नर्स म्हणून नोंदणी लागत नाही अशा कामावर गेल्या दोन वर्षांत किमान एक वर्ष काढलेलं असावं लागतं, आणि तुमच्या इंग्रजीबद्दल तिथल्या मालकाने लिहून द्यावं लागतं. सांगलीत किंवा नांदेडमध्ये बसून अर्ज करणाऱ्या मुलीला ही वाट उपयोगाची नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नियमाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गाळला. त्यावर विसंबून कुणी क्लास सोडला तर तिचं वर्ष जातं, मेसेजवाल्याचं काहीच जात नाही.

आता उच्चार. या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण यानेच मुली सर्वांत जास्त घाबरतात. ओईटीच्या बोलण्याच्या भागात दोन रोल प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो, तुम्ही नर्स. तो माणूस तुम्हाला गुण देतच नाही. संभाषण रेकॉर्ड होतं आणि ते दुसरेच परीक्षक ऐकतात. ते बघतात की तुमचं बोलणं कळतंय का. लंडनसारखं वाटतंय का, हे कुणी बघत नाही. शिवाय आणखी काही तपासलं जातं: पेशंटला नेमकी कशाची भीती वाटतेय ते तुम्ही विचारलंत का, त्याचं पूर्ण ऐकून घेतलंत का, माहिती त्याला झेपेल अशा तुकड्यांत दिलीत का. आपल्या मुली अडतात त्या इथे. समोरची बाई म्हणते, "बाळाला लस द्यायची मला भीती वाटते", आणि आपण तिला काही न विचारता "डोन्ट वरी मॅडम" म्हणून लसीचे फायदे घडाघडा सांगत सुटतो. हा दोष उच्चारांचा नाही, आणि सरावाने तो जातो.

हे वॉर्डात किती लागतं, ते मला पहिल्याच महिन्यात समजलं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी मला म्हणाल्या, "आय नीड टू स्पेंड अ पेनी, लव्ह." मला वाटलं त्यांना पैसे हवेत. मी लॉकरमधून त्यांची पर्स काढून हातात दिली. आजी पर्सकडे बघत राहिल्या, आणि मला उलगडा होईपर्यंत चादर ओली झाली होती. त्या पिढीत लघवीला जायचंय असं म्हणायची ती रीत आहे. चादर बदलताना आजींनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं, ते मला अजून दिसतं. ओईटीत हा वाक्प्रचार कुणी शिकवला नव्हता, आणि सगळं तिथे शिकवतात असं मी म्हणणारही नाही. पण समजलं नाही तर अंदाज न बांधता पुन्हा विचारायचं, एवढं मी त्याच परीक्षेसाठी घोटलं होतं आणि त्या क्षणी विसरले. आपलं हॉस्पिटलचं इंग्रजीही इथे अनेकदा अडतं. "लूज मोशन" म्हटलं तर पेशंटला कळत नाही. "एक्स्पायर झाला" हे आपण माणसाबद्दल म्हणतो, इथे ते औषधाच्या तारखेबद्दल म्हणतात. फोनवर डोस सांगताना "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही "वन फाइव्ह" असं फोडून सांगतो आणि समोरच्याकडून परत वदवून घेतो.

मराठी माध्यमाचा बाऊ करणाऱ्यांना माझ्या पहिल्या प्रयत्नाबद्दल सांगते. मी लेखनात राहिले, आणि व्याकरणामुळे नाही. केस नोट्सवरून, म्हणजे पेशंटच्या दिलेल्या माहितीवरून, 40 मिनिटांत पत्र लिहायचं असतं, साधारण 180 ते 200 शब्दांचं. मी नोट्समधलं सगळंच उतरवलं: जुनं अपेंडिक्सचं ऑपरेशन, परदेशातला मुलगा, बागकामाची आवड. पत्र कम्युनिटी नर्सला होतं, तिला जखमेचं ड्रेसिंग आणि पुढच्या भेटीची तारीख हवी होती. काय गाळायचं हे समजायला इंग्रजी माध्यम लागत नाही. 'केरळच्या मुली इंग्रजी माध्यमातल्या, म्हणून पास होतात' असंही ऐकू येतं, पण त्या सगळ्या इंग्रजी माध्यमातल्या असतात असं कुणी सांगितलं? माझ्याबरोबरच्या कित्येकजणी मल्याळम शाळेत शिकल्यात. त्यांच्या गावात आधी गेलेल्या दहा जणी असतात, त्या फोनवर सराव घेतात. आपल्याकडे ते अजून कमी आहे.

पैशांबद्दल मेसेजवाल्याचं दुखणं खरं आहे. ओईटीची फी रुपयांत तीस हजारांच्या पुढे जाते, आणि खाजगी हॉस्पिटलात काम करणाऱ्या कित्येक मुलींचा तेवढा महिन्याचा पगारही नसतो. निकाल दोनच वर्षं चालतो, तेही मला जाचक वाटतं. पण म्हणून परीक्षा टाळता येत नाही, खर्च मात्र कमी करता येतो. आयईएलटीएस अकॅडमिक स्वस्त पडते आणि एनएमसीला चालते: वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5. एखाद्या भागात थोडक्यात राहिलात तर 12 महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे गुण जोडता येतात, फक्त कुठल्याही भागात हव्या त्या गुणांपेक्षा 0.5 हून जास्त खाली जायचं नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडून पैसे मागणारा एजंट ब्रिटनच्या नियमांविरुद्ध वागतोय, हेही लक्षात असू द्या.

गोऱ्यांना परीक्षा नाही, हे एकेकाळी बऱ्याच अंशी खरं होतं. युरोपातून येणाऱ्या नर्सेसचं इंग्रजी तपासायचा अधिकार एनएमसीला जानेवारी 2016 मध्ये मिळाला, डॉक्टरांच्या बाबतीत तो 2014 मध्ये आला. आज पोलंडच्या नर्सलाही इंग्रजी सिद्ध करावं लागतं.

राहिलं पेपर न देता सर्टिफिकेट. निकालाची शहानिशा थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे होते, त्यामुळे छापील कागदाला काडीची किंमत नाही. तुमच्या जागी दुसऱ्याला बसवणारे भेटले, तर टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचं 2014 सालचं प्रकरण आठवा. ब्रिटनमध्ये डमी परीक्षार्थी बसवल्याचं बीबीसीने उघड केलं आणि सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. ज्यांनी खरोखर स्वतः पेपर दिला होता, त्यांनाही नाव स्वच्छ करायला वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागले. नर्सच्या बाबतीत तर फसवणूक सापडली की नोंदणीच जाते.

बहिणीने क्लास सोडलेला नाही. काल तिने सरावाचं पत्र पाठवलं, 310 शब्दांचं. फोनवर दोघींनी मिळून त्यातला पेशंटचा कुत्रा, त्याची निवृत्ती आणि 2009 सालचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काढलं. अजून 240 उरलेत. रविवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा पुन्हा बसणार आहोत.