सही, सनद आणि जईफ

परवा बँकेत माझी सही जुळेना. वीस वर्षांपूर्वीच्या कार्डावरची पण माझीच आणि आत्ताची पण माझीच, तरी काउंटरवरच्या मॅडम म्हणे फरक आहे, परत करा. चौथ्यांदा जुळली एकदाची. येताना बसमध्ये आठवलं की हा 'सही' शब्द मूळचा अरबी 'सहीह', आणि अस्सल ठरलेल्या हदीसला, म्हणजे मुहम्मद पैगंबर काय बोलले, कसे वागले याच्या सांगून पुढे आलेल्या आठवणीला, तिकडे हेच म्हणतात. हदीस सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, असं करत थेट पैगंबरांपर्यंत, ती 'सनद'. आणि कच्ची निघाली तर हदीस 'जईफ', आपण थकल्या म्हाताऱ्याला म्हणतो तोच.

पैगंबर गेले ६३२ला. आधी कोणी फार चौकशी करत नसे. इराकमधल्या बसऱ्याचे विद्वान इब्न सिरीन (मृत्यू ७२९च्या सुमारास) सांगतात की लोक सनद विचारायचेच नाहीत, मग आपसात यादवी झाली आणि म्हणायला लागले, आधी तुमच्या माणसांची नावं सांगा. नावं आली की त्या नावांची कुंडली. जन्म कधी, मृत्यू कधी, राहायचा कुठे, ज्याचं नाव घेतोय तो याला भेटला असणं शक्य तरी आहे का. इजिप्तचे काझी इब्न लहीआ, त्यांच्या वह्या जळाल्या असं सांगतात, नंतर सांगण्यात चुका व्हायला लागल्या, तर काही जाणकारांनी सरळ ठरवलं की जळायच्या आधी ज्यांनी ऐकलं त्यांचं धरा, नंतरचं सोडा. माणूस तोच हां, पण अमुक सालानंतर बाद!

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर हे लोक लबाडांइतकेच सज्जनांना टरकून होते. याह्या अल-कत्तान, हदीसचे जाणकार, हेही बसऱ्याचेच, म्हणाले की भली माणसं हदीसच्या बाबतीत जितकं खोटं बोलतात तितकं दुसऱ्या कशात नाही. मुस्लिम नावाच्या इमामाने हे आपल्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत घेतलंय आणि लगेच सारवासारव पण केलीय, की मुद्दाम नाही हो, तोंडून निघून जातं. पण काहींचं मुद्दामच होतं. मध्य आशियातल्या मर्व शहराच्या नूह बिन अबी मरयमबद्दल सांगतात की कुराणातल्या एकेका सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, पुण्य किती याच्या हदीसी त्याने स्वतः रचल्या, का तर लोक कायदे आणि लढायांच्या गोष्टींत रमले, कुराण विसरले म्हणून! आपल्याकडे कुणीही चार ओळी जुळवून शेवटी 'तुका म्हणे' टाकतो, भाव तोच, चांगलंच आहे ना मग काय बिघडलं. बिघडतं.

खलिफा महदीला कबुतरांचा नाद. दरबारात गियास नावाचा एकजण आला आणि शर्यत फक्त बाण, उंट, घोडा यांचीच, या हदीसला त्याने हळूच 'किंवा पंख' जोडलं. महदीने बक्षीस दिलं, गियास पाठ फिरवून निघाल्यावर महदी म्हणाला ही मान खोटारड्याची आहे, आणि कबुतरं कापून टाकायला लावली. पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि कबुतरांनी काय केलं होतं देव जाणे.

आता गोल्डझिहरसारख्या युरोपियन अभ्यासकांचं १८९०पासून म्हणणं आहे की मजकूर रचता येतो तशी सनदही रचता येतेच की. पटतं मला. पण ते त्या जुन्या लोकांनाही कळत होतं, म्हणून तर एकच हदीस दहा जणांकडून गोळा करून शब्द ताडून बघायचे, कोण एकटाच वेगळं सांगतोय ते.

सर्वांत नावाजलेला हदीससंग्रह करणाऱ्या बुखारींचे गुरू अली बिन अल-मदिनी, त्यांना कुणीतरी विचारलं, तुमचे वडील हदीस सांगतात, कसे आहेत? म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोक हटेनात. मग थोडा वेळ मान खाली घालून बसले आणि म्हणाले, हा धर्माचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत.