स्पायडरमॅन पागडीच्या खोलीत राहतो

रविवारी भाच्याला घेऊन सिनेमाला गेलो. वय वर्षं आठ. दोन तिकिटं आणि एक पॉपकॉर्नची बादली, जिच्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. सिनेमा संपला, नावांची ती मारुतीच्या शेपटासारखी यादी सुरू झाली. मीच त्याला बजावून ठेवलं होतं, उठायचं नाही, सगळ्यात शेवटी कोणीतरी येतं. दिवे लागले, झाडूवाला पायाशी येऊन उभा राहिला, आम्ही पाय वर घेऊन बसलो. आलं एकदाचं ते कोणीतरी. भाच्याचा चेहरा पडला.

"हा कोण? बॅटमॅन का नाही आला?"

चर्नी रोडचा जिना उतरून चाळीत पोचेपर्यंत हाच धोशा. मामा, बॅटमॅन का नाही आला. त्याच्याकडे तर गाडी आहे.

पोराची काय चूक? त्याचं शाळेचं दप्तर मीच क्रॉफर्ड मार्केटमधून घासाघीस करून आणलंय. त्यावर स्पायडरमॅन, बॅटमॅन, हल्क एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत आणि मागून छोटा भीम डोकावतोय. जगातला सगळ्यात मोठा क्रॉसओव्हर त्या दप्तरवाल्याने करून दाखवला. हॉलिवूडला जमत नाही.

शेवटी सांगून टाकलं, "अरे, त्यांचे मालक वेगळे आहेत." तर म्हणतो, "त्यांना मालक असतो? मग ते सुपरहिरो कसले?"

यावर काय बोलणार, कप्पाळ! इमारतीवरून उड्या मारणारा, विश्व वाचवणारा माणूस, आणि शेजारच्या स्टुडिओत चहाला जायचं तर वकिलाची चिठ्ठी लागते. बॅटमॅन वॉर्नरचा, आयर्नमॅन डिस्नेचा. कॉमिकमध्ये त्यांनी हे कधीच करून ठेवलंय. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन 1976 मध्ये एका पुस्तकात भेटले. 2003 मध्ये तर बॅटमॅनची जस्टिस लीग आणि आयर्नमॅनची अ‍ॅव्हेंजर्स, दोन्ही अख्ख्या टोळ्या समोरासमोर आल्या. कागद स्वस्त असतो हो. सिनेमा म्हटला की थिएटरात कोण लावणार, गल्ला कोणाच्या खात्यात, ओटीटीवर कोणाच्या दुकानात जाणार, बाहुल्या कोण विकणार, आणि मुख्य म्हणजे मारामारीत जिंकणार कोण! आपला माणूस मार खाताना दिसला तर उद्या त्याचा टीशर्ट कोण घेईल, ही यांची काळजी.

पण खरं डोकं फिरतं ते एकाच घरातल्या भानगडीने. स्पायडरमॅन मार्व्हल या कॉमिकवाल्या कंपनीचा, हे शेंबडं पोरही सांगेल. सिनेमात मात्र तो सोनीचा. हे मला चटकन कळलं, कारण माझा जन्मच पागडीच्या खोलीतला आहे. पागडी म्हणजे एकदाच रक्कम मोजायची आणि नाममात्र भाड्यात पिढ्यान्पिढ्या ठाण मांडायचं.

मार्व्हल म्हणजे कफल्लक झालेला चाळमालक. 1996 च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेला. त्या दशकात मिळेल त्या भावाने खोल्या देत सुटला. एक्स-मेन फॉक्स स्टुडिओला, हल्क युनिव्हर्सल स्टुडिओला. 1998 मध्ये सोनीला म्हणाला, अडीच कोटी डॉलर दे आणि जवळजवळ सगळीच चाळ घेऊन टाक. सोनी म्हणाली, बाकीचं भंगार कोणाला हवंय, आम्हाला फक्त कोपऱ्यातली स्पायडरमॅनची खोली द्या. आणि एवढ्याशा पागडीत बसली आत. 2009 मध्ये डिस्नेने 400 कोटी डॉलर मोजून चाळ घेतली. मालक बदलला, गब्बर झाला, पण भाडेकरू हलतोय होय? आमच्या चाळीत तीन मालक बदलले, आम्ही आहोत तिथेच आहोत.

गंमत पुढेच आहे. आपल्याकडे भाडेकरूने खोली सलग सहा महिने विनाकारण बंद ठेवली की मालकाला कोर्टात जाता येतं. म्हणून आमचे काका वर्षानुवर्षं विरारहून येऊन खोलीत दिवा लावून जायचे. सोनीचंही तेच! ठरावीक वर्षांत स्पायडरमॅनचा सिनेमा आला नाही तर हक्क मार्व्हलकडे परत. म्हणजे तुम्हाला गोष्ट सुचो न सुचो, दिवा लावायला सिनेमा काढायचाच. आपण तिकीट काढून बघतो ती पुष्कळदा कलाकृती नसते, वहिवाट असते!

2015 मध्ये मालक-भाडेकरूंचं जुळलं, 2016 मध्ये स्पायडरमॅन मार्व्हलच्याच कॅप्टन अमेरिकाच्या घरी जेवायला आला. पोरं खूश, आम्हीही खूश. 2019 च्या जुलैत त्याच्या सिनेमाने 100 कोटी डॉलरचा गल्ला ओलांडायला घेतला आणि ऑगस्टमध्ये लगेच भांडण. डिस्ने म्हणे निम्मा खर्च आमचा, निम्मा नफा आमचा. सोनी म्हणे चल हट. महिनाभर जगभरातली पोरं रडली, मग पंचवीस टक्क्यांवर मिटलं. आमच्याकडे खोली विकताना मालक तेहेतीस टक्के मागतो, त्या मानाने डिस्ने बरीच म्हणायची.

आणि तो वाऱ्यासारखा पळणारा क्विकसिल्व्हर! फॉक्स म्हणे एक्स-मेनचा म्हणून आमचा, मार्व्हल म्हणे अ‍ॅव्हेंजर्सचा म्हणून आमचा. 2014 मध्ये एक क्विकसिल्व्हर तिकडे धावला, 2015 मध्ये दुसऱ्याच नटाचा क्विकसिल्व्हर इकडे धावला. एक माणूस, दोन रेशनकार्डं. त्यातही इकडच्याला ‘म्युटंट’, म्हणजे जन्मजात शक्तीवाला, म्हणायची चोरी, कारण तो शब्द फॉक्सच्या खोलीत. शब्दावर कुलूप! शेवटी 2019 मध्ये डिस्नेने सुमारे 7100 कोटी डॉलर ओतून फॉक्सची अख्खी इमारतच घेतली, तेव्हा कुठे एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनची आणि मार्व्हलवाल्यांची पंगत बसली.

हल्कचं बघून तर गलबलतं. 2008 नंतर त्याच्या एकट्याच्या नावाचा सिनेमा नाही. वर्षानुवर्षं गळ्यात युनिव्हर्सलच्या वितरणाच्या हक्काचं लोढणं होतं. बिचारा प्रत्येक लग्नात वाढप्यासारखा राबतोय, स्वतःचं कार्य काही निघत नाही. आणि अमेरिकेतल्या ऑर्लँडोत युनिव्हर्सलच्या बागेत त्याच्या नावाचा रोलर कोस्टर जोरात चालतो, कारण 1994 चा करार. तिथल्याच डिस्नेच्या बागेला स्वतः विकत घेतलेलं ‘मार्व्हल’ हे नाव दारावर लावता येत नाही. आपल्याच घरात पाटी लावायची बंदी. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जमतच नाही असंही नाही. 1988 मध्ये ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये मिकी माऊस आणि बग्ज बनी एका चौकटीत आले. अट एकच, दोघांना पडद्यावर सारखा वेळ. तंतोतंत विहिणींचा मानपान, पण निदान लग्न तरी लागलं! आपल्याकडे ‘रा.वन’मध्ये 2011 साली चेन्नईच्या दुसऱ्या कंपनीच्या सिनेमातला, रजनीकांतचा चिट्टी रोबो येऊन गेला. 2024 च्या दिवाळीत सिंघमच्या शेवटी ‘दबंग’चा चुलबुल पांडे डोकावला. ओळखीपाळखीत काम झालं. (त्याच दिवाळीत, त्याच दिवशी लागलेल्या दुसऱ्या सिनेमाशी पडद्यांच्या वाटणीवरून जुंपली होती, तो भाग सोडा.) मला विचाराल तर 1993 चा तात्या विंचू आणि 2024 चा मुंज्या एकाच पिंपळाखाली बसवा, पहिल्या दिवशी पहिला शो मी बघतो. कोणी करणार नाही. तात्याचं घर वेगळं, मुंज्याचं घर वेगळं.

आणि वर हेच लोक आम्हाला शिकवणार, एकजूट झाली की खलनायक हरतो. तुमची एकजूट तिमाही हिशेब बघून होते, आणि पदरचे पैसे घालून शेवटचं ते दीड मिनिट बघायला पाय आखडून आम्ही बसायचं!

परवा पोराला गप्प करायला लोकलमधल्या फेरीवाल्याकडून दोन्ही बाहुले घेतले, ऐंशी रुपयांत जोडी. एकाच पिशवीत, एकाच रबरबँडने बांधलेले. संध्याकाळभर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बॅटमॅन आणि स्पायडरमॅन मिळून माझा चष्मा पळवणाऱ्या उंदराचा पाठलाग करत होते. रात्री पाणी प्यायला उठलो, अंधारात बॅटमॅनचा कान तळव्यात घुसला. ओरडलो तर अंथरुणातून आवाज आला, "मामा, सांभाळून. तो स्पायडरमॅनकडे राहायला आलाय."

"भाडं किती देतो विचार त्याला," म्हटलं आणि दिवा लावला.