‘मारणाऱ्या आजोबांना बांधून ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे

मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: वृद्धाश्रमात इतरांवर हात उगारणाऱ्यांना बांधा, नाहीतर गुंगीचं औषध द्या. कृपया पुढे पाठवू नका. स्मृतिभ्रंशात हात उठतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सांगता न येणारं दुखणं, टीव्हीचा गोंगाट, आपल्या खोलीत शिरलेलं कोणी... कारण शोधा. कुणाचं कुणाशी, केव्हा, कुठे वाजतं ते लिहून ठेवा, जेवणाची जागा बदला. अँटिसायकोटिक (शांत करायला दिल्या जाणाऱ्या, मुळात मनोविकारांवरच्या) औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो.

आणि ‘म्हातारपणीची भांडणं’ म्हणून सोडूनही देऊ नका! न्यूयॉर्कमधल्या १० नर्सिंग होमच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ आठवड्यांत सुमारे ५ पैकी १ रहिवासी दुसऱ्या रहिवाशाशी शाब्दिक, शारीरिक वा खोलीत घुसण्यासारख्या इतर प्रसंगात सापडला होता. मार बसलेल्या आजींना डॉक्टरांना दाखवाच. मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन: १४५६७.