तुमचं झालं का?

रविवारी सकाळी पार्ले पूर्वेला उडप्याकडे एकट्याने नाश्त्याला जाऊ नये. हॉटेलचं नाव सांगत नाही, एक तर मला तिथे परत जायचंय, आणि दुसरं म्हणजे आहे त्या लोकांनाच तिथे बसायला जागा नाही, त्यात तुम्ही अजून कशाला.

तर बाहेर फुटपाथवर ताटकळून झाल्यावर आत भिंतीला चिकटलेलं दोघांचं टेबल मिळालं. समोर कानात इअरफोन घातलेला एक कॉलेजचा मुलगा, त्याला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. मी म्हैसूर मसाला सांगितला, 'पाणी साधं की बिसलेरी' हा विधी झाला, साधं म्हटल्यावर वेटरच्या तोंडावर जे येतं ते आलं, आणि डोसा यायच्या आधी काका आले.

काका पासष्टीचे असावेत. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. येऊन माझ्या उजव्या खांद्यापाशी उभे राहिले. बाजूला म्हणजे अगदी बाजूला, मेथी माझ्या कानाला लागत होती.

"तुमचं झालं का?"

माझ्यासमोर तेव्हा फक्त पाण्याचा ग्लास होता. मी म्हटलं, "काका, अजून आलंच नाहीये."

"हां हां, चालू द्या, चालू द्या," काका म्हणाले. काय चालू द्यायचं होतं देव जाणे.

आता लोकलमध्ये आपण बसलेल्याला 'कुठे उतरणार' विचारतो, तो अंधेरी म्हणाला की त्याच्यासमोर ठाण मांडतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. काकांनी हीच पद्धत हॉटेलात आणलेली. फक्त लोकलमधला माणूस निदान खात नसतो हो. आणि त्याला कुणी 'जरा लवकर उतरा' असं म्हणत नाही.

डोसा आला. काकांनी वाकून बघितला.

"मसाला?"

"म्हैसूर."

काकांचा चेहरा उतरला. "म्हैसूर म्हणजे वेळ जाणार. साधा सांगायचा ना, सकाळी साधा बरा." मग माझी कीव आली असावी, म्हणाले, "असं करा, कडेकडेने खात आत या. भाजीपासून सुरुवात केली की माणूस रेंगाळतो."

मी भाजीपासून सुरुवात केली. मुद्दाम.

काकांनी पूर्ण हॉटेलचा अभ्यास केलेला होता, आणि तो स्वतःजवळ ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चार नंबरवाल्यांची कॉफी आलीय पण त्यांच्यात लहान मूल आहे, ते आता आइस्क्रीमसाठी रडणार, म्हणजे ते टेबल बाद. खिडकीपाशी दोन बायका बसल्यात त्यांचं खाऊन कधीच झालंय पण विषय सुनेवर आलाय, तेही बाद. एसीत जागा आहे पण तिथे त्याच इडलीचा दर वेगळा. (हे मात्र खरंय. सरकारने २०१७च्या नोव्हेंबरात एसी असो नसो सरसकट ५ टक्के जीएसटी केला, पण अण्णाच्या मेनूकार्डात इडलीच्या अजून दोन जाती आहेत, घाम येणारी आणि न येणारी.)

"मग माझ्याकडेच का उभे राहिलात?" मी विचारलं.

"तुम्ही एकटे. बोलणार कुणाशी? आणि मोबाईल खिशात आहे. मोबाईलवाला माणूस अर्धा तास हलत नाही. तुम्ही सरळमार्गी दिसलात."

सरळमार्गी! सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात इतक्या प्रेमाने मला कुणी बावळट म्हटलेलं नाही.

यावर मी एक्स्ट्रा सांबार मागवलं. नको होतं, तरी मागवलं. एवढ्यात काकांचा फोन वाजला आणि ते माझ्या डोक्यावरून फोनवर बोलू लागले. "हो हो, होतच आलंय त्यांचं. नाही गं, शेवटचे दोन घास. अगं सांबार मागवलं ना त्यांनी परत! आता मी काय करणार? हो, ते कळतं मला, पण सांगणार कसं..." आणि फोन जरा बाजूला धरून मला म्हणाले, "आमची मंडळी बाहेर उन्हात उभी आहे. गुडघ्याचा त्रास आहे तिला."

आता सांगा. म्हणजे माझ्या वाटीभर सांबारामुळे एका बाईचे गुडघे दुखतायत. मी ते सांबार गरम गरम प्यायलो, जीभ पोळली, आणि काका म्हणाले, "नुसतं पिता का तुम्ही? बाधेल."

काका पार्ल्याचे असल्यामुळे बिस्किटाचा विषय येणार हे ठरलेलं होतं. मूळ पार्लेकर दहा मिनिटांच्या वर बिस्किटाचं नाव न काढता बोलला तर आधार कार्ड तपासून घ्यावं. तर १९२९ साली कारखाना कसा निघाला, स्टेशनवर उतरलं की कसा वास यायचा, २०१६ साली तो बंद झाल्यावर कसं चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग गाडी माझ्या टेबलावरच्या ग्लासाकडे वळली. "हे तुम्ही साधं पाणी पिताय, पण बिसलेरी कुणाची माहितीय? इटालियन माणसाचं नाव. १९६९ साली पार्लेवाल्या चौहानांनी घेतली. थम्सअप पण त्यांचंच, सत्त्याहत्तर सालचं. त्र्याण्णवला कोकवाल्यांना विकलं." एरवी मी या गप्पा तासभर ऐकल्या असत्या, खरंच, माहिती सगळी पक्की होती. पण माणसाचा घास चालू असताना त्याच्या जबड्याकडे बघत बघत इतिहास सांगू नये एवढंच माझं म्हणणं आहे. मी चावायला लागलो की ते बोलायचे, थांबलो की विचारायचे, "झालं?"

मग मी फिल्टर कॉफी सांगितली. उडप्याकडे जाण्याचं माझं खरं कारण ती कॉफीच. वाटीतला पेला, वरचा फेस, वाटीत ओतायची, परत पेल्यात ओतायची, पहिला घोट जरा जास्तच गरम. डोसा हे फक्त निमित्त.

काका गप्प झाले. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "कॉफी ना, कोपऱ्यावरच्या टपरीवर फर्स्टक्लास मिळते. उभ्या उभ्या होते."

"मला बसून प्यायचीय."

"वेळ लागतो हो इथे कॉफीला," असं म्हणून त्यांनी माझ्या देखत, मी जिवंत असताना, माझ्या वेटरला हात केला. "अरे, ह्यांचं बिल आण रे!"

वेटरने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोठा कोण ते ठरवलं, आणि बडीशेपेच्या ताटलीतून बिल आणून ठेवलं. मी म्हटलं अरे कॉफी? तो म्हणाला आ रहा है. मी चटणीचे हात धुवायला बेसिनकडे गेलो. तेवढंच.

परत आलो तर काका माझ्या खुर्चीत. इअरफोनवाल्या मुलाला त्यांनी कसं उठवलं देवालाच ठाऊक, त्याच्या जागी काकू बसलेल्या, टेबलावर काकूंची पर्स, छत्री, मेथीची जुडी. माझं ताट गायब. बिल काकांच्या ग्लासाखाली, ओलं. आणि काकांच्या पुढ्यात वाफाळती फिल्टर कॉफी.

"व्वा!" काका काकूंना म्हणत होते. "सांगायच्या आधी आली. सर्व्हिस सुधारली हो ह्यांची."

"काका, ती कॉफी बहुतेक माझी..."

"तुमचं झालं ना?" काका म्हणाले. खरोखर निरागस चेहरा. त्यात लबाडी असती तर मी भांडलो असतो. काकूंनी तोपर्यंत अर्धी वाटीत ओतून घेतलेली. वर म्हणाल्या, "आम्हाला फक्त कॉफीच घ्यायची होती हो. नाश्ता घरी झालाय."

फक्त कॉफी!

गल्ल्यावर जाऊन ओलं बिल उलगडलं. म्हैसूर मसाला, एक्स्ट्रा सांबारचे वेगळे, आणि फिल्टर कॉफी एक, ४५ रुपये. गल्ल्यावरच्या शेट्टींना म्हटलं, ही कॉफी मी प्यायलो नाही. त्यांनी विचारलं, टेबल नंबर? म्हटलं सात. त्यांनी मान उंचावून सात नंबरकडे बघितलं, काका घोट घेत होते. "सात को कॉफी गया ना," ते म्हणाले. यात खोट काढायला जागा नव्हती. मागे पैसे द्यायला सात-आठ जण उभे होते, त्यातला एक म्हणाला, "भाऊ, झालं का तुमचं?"

दिले ४५ रुपये.

पैशाचं नाही हो. म्हणजे पैशाचंही आहे, पण खरा राग वेगळाच आहे. या उपनगरात बसायचं कुठे? खायला रग्गड आहे. वडापाव आहे, दाबेली आहे, सँडविचवाला आहे, पाणीपुरी आहे, सगळं उत्तम, आणि सगळं उभ्याने. वडापावाचं मी समजू शकतो, १९६६च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर तो निघाला तोच मुळी गाडी पकडणाऱ्या माणसासाठी. पण आता मिसळसुद्धा उभ्याने खातात लोक, गाडीच्या बोनेटवर प्लेट ठेवून, तर्री शर्टावर. एकेकाळी कोपऱ्यावर इराणी असायचा, एका चहावर पेपर अख्खा वाचून व्हायचा, तो गेला, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आमच्याकडे विमानतळामुळे फनेल झोनचं लफडं, उंच बांधता येत नाही, त्यामुळे कितीतरी जुन्या बिल्डिंगी रखडल्यात. त्यातल्या एखादीचं रिडेव्हलपमेंट झालंच की खालच्या गाळ्याचं भाडं असं होतं की इडली विकून परवडत नाही, मग तिथे केकचं दुकान येतं. केकच्या दुकानात दोन उंच स्टुलं असतात, पाय खाली टेकत नाहीत अशी.

खरं सांगू का, माणसाला निवांत बसू देणारी एकच जात उरलीय, परमिट रूम. अंधार असतो, पंखा असतो, क्वार्टरसोबत चण्याची वाटी येते, संपली की परत येते, आणि कुणी मायेचा पूत मागे उभा राहून 'तुमचं झालं का' विचारत नाही. एवढी सभ्यता शाकाहारी हॉटेलात नाही. पण १९४९च्या दारूबंदी कायद्याचं राज्य आमचं, कागदोपत्री अजून प्यायला परमिट लागतं, आणि त्यातही पंचविशी उलटलेली लागते. तिथल्या बिलावरचा व्हॅट २०२३ साली ५ चा १० टक्के झाला, त्यासकट बाकीच्या करवाढीविरुद्ध बारवाल्यांनी २०२५च्या १४ जुलैला एक दिवस बंद पाळला, आणि पंधरा जुलैला गिऱ्हाईकाने निमूट दहा टक्के भरले. असो. रविवारी सकाळी साडेदहाला तिथे जाऊन 'एक फिल्टर कॉफी' म्हणणं हेही बरं दिसत नाही.

म्हणून मग गेलो त्या नव्या काचेच्या कॅफेत. कॉफी तर हवीच होती, डोक्यात बसलेली. तिथे मात्र सोफे, अर्धे रिकामे, बाकीच्यांवर लॅपटॉपवाली पोरं, त्यातली काही शुक्रवारपासून बसली असावीत अशी. काउंटरवर मीच जाऊन ऑर्डर दिली, मीच पैसे भरले, नाव पुकारल्यावर (चुकीचं) मीच उठून कप आणला. कपुचिनो २८० रुपये, सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे २८, त्या दोन्हींवर मिळून जीएसटी. एकूण ३२३ रुपये ४० पैसे.

मी काउंटरवरच्या मुलाला शांतपणे विचारलं, सर्व्हिस कुणी केली? तो म्हणाला, सर आम्ही. म्हटलं मी स्वतः कप उचलून नेला. तो म्हणाला, सर ते सेल्फ-सर्व्हिस आहे. म्हटलं, मग चार्ज मला द्या! हसला नाही. तरुण पिढी. मग मी त्याला ४ जुलै २०२२च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना सांगितल्या, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, गिऱ्हाईकाची मर्जी, आणि हॉटेलवाले कोर्टात गेले तेव्हा दिल्ली हायकोर्टानेही मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. हे सगळं मला तोंडपाठ आहे कारण असल्या अठ्ठावीस रुपयांसाठी मी आधीही भांडलोय, घरच्यांना माझ्याबरोबर बाहेर जायची लाज वाटते ती उगाच नाही. मुलगा म्हणाला, सर सिस्टीममधून निघत नाही. मॅनेजर आला. तोही म्हणाला निघत नाही. मग कुणालातरी फोन लावला, कुणीतरी पासवर्ड सांगितला, पासवर्ड चुकला, माझ्या मागे रांग झाली, इकडे कॉफी निवत चालली.

शेवटी मॅनेजरने तोडगा काढला. पैसे परत करता येत नाहीत, पण तीस रुपयांचं कुपन घ्या, पुढच्या वेळी वापरा. घेतलं. बाहेर आल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली, ते कुपन सोमवार ते गुरुवार, दुपारी तीन ते पाच चालतं. त्या वेळी मी अंधेरीला ऑफिसात असतो, तिथे कॉफीचं मशीन आहे, फुकट आहे, आणि मशीनपाशी उभ्यानेच प्यावी लागते.